‘ह्याला परत पाठवा’ म्हणायच्या आधी

काल रात्रीपासून एकच फोटो मला दहा-बारा जणांनी पाठवलाय. आपल्या तालमीच्या नव्या परदेशी फॉरवर्डचा. कमरेवर हात ठेवून मैदानात उभा आहे आणि वर कुणीतरी लिहिलंय, ‘पर्यटक. अंबाबाई, रंकाळा, पन्हाळा, सगळं बघून झालं. गोलपोस्ट तेवढं राहिलं.’ पहिल्यांदा बघितला तेव्हा मीही हसलो. खोटं कशाला बोलू?

तालमीचं नाव मुद्दाम घेत नाही, पोराचंही घेत नाही. ज्यांना कळायचंय त्यांना कळलंय. ज्यांना कळलं नाही त्यांनी आपल्याच पेठेची तालीम समजून वाचावं. दर हंगामात एखाद्या तरी संघात हेच घडतं.

प्रश्न सरळ आहे. हंगामाच्या सुरुवातीला गाजावाजा करून आणलेला फॉरवर्ड, सहा सामने खेळला, गोल शून्य. तो आपल्या संघाच्या लायकीचा आहे का? येत्या बैठकीत त्याला परत पाठवायचं चाललंय. कट्ट्यावर तर निकाल लागून झालाय.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना पुढं वाचायचं नाही त्यांचा वेळ जायला नको. पोरगं कामाचं आहे. पण आपण ज्या पद्धतीनं खेळतो त्या पद्धतीचं नाही. ही चूक त्याची नाही, निवडणाऱ्यांची आहे. लीग संपेपर्यंत त्याला ठेवावं, खेळात एक बदल करून बघावा आणि मग काय तो निर्णय घ्यावा.

आता सविस्तर. सुरुवात माझ्यापासूनच करतो.

चौथ्या सामन्यानंतर आमच्या अंकात बातमी आली होती, ‘चार सामने, शून्य गोल, परदेशी पाहुणा फेल’. मथळा माझाच. त्याचं कात्रण प्रत्येक ग्रुपवर फिरलं, अनेकांच्या स्टेटसला लागलं. त्या दिवशी मी दुसऱ्या एका बैठकीची बातमी उरकून स्टेडियमवर पोहोचलो तेव्हा उत्तरार्ध अर्धा संपला होता. पहिला भाग एका ओळखीच्या पोराला फोन करून विचारला. आकडे बरोबर होते, म्हणून बातमी खोटी म्हणता येणार नाही. पण ‘फेल’ हा शब्द मी अर्धा सामना बघून लिहिला. वीस-बावीस वर्षं हे काम करतोय, पत्रकारितेच्या पदविकेत पहिल्याच महिन्यात शिकवलेलं विसरलो. बघितल्याशिवाय लिहू नये.

म्हणून पाचवा आणि सहावा सामना पहिल्या शिटीपासून शेवटपर्यंत बघितला. वही घेऊन, गॅलरीत समर्थकांच्या मधोमध बसून.

काय दिसलं ते सांगतो. आपला गोलकीपर आणि दोन्ही स्टॉपर चेंडू आला की वर टोलवतात. मधली फळी फक्त मान वर करून बघत असते. हे मी मोजायला लागलो होतो, पूर्वार्धातच वीसच्या वर गेलं, मग सोडून दिलं. आता हा पोरगा उंच आहे, हेडरला चांगला उडी मारतो. त्यातले कितीतरी चेंडू त्यानं डोक्यानं जिंकले आणि खाली उतरवले. पण उतरवलेला चेंडू घ्यायला जवळ आपला एकही माणूस नव्हता. दहा-पंधरा पावलांवर कुणी नाही. चेंडू समोरच्यांना. गॅलरीतून आवाज, ‘गेला परत!’

गोलक्षेत्रात गोलकडे तोंड करून, पायात चेंडू, असं पाचव्या सामन्यात दोनदा झालं आणि सहाव्यात एकदा. दोन पूर्ण सामन्यांत तीन वेळा. त्यातला एक गोलकीपरनं चांगला अडवला. एक त्यानं घाईत बाहेर मारला. तिसरा, म्हणजे सहाव्या सामन्यातला, सगळ्यांच्या मनात बसलाय तो. समोर गोल उघडा आणि चेंडू बारवरून. पारंपरिक प्रतिस्पर्ध्याबरोबरचा सामना, शेवटची काही मिनिटं, बरोबरीची संधी. तो चुकवायला नको होता. त्याच्या जागी आपल्या पेठेतला पोरगा असता तरी मी हेच लिहिलं असतं.

त्याच्यात दोष आहेत. वेग कमी आहे. उत्तरार्धात दम लागतो. मार्चनंतर शाहू स्टेडियमचं मैदान कडक होतं, चेंडू टप्पा पडला की उडतो, त्याचा अंदाज त्याला अजून येत नाही. चेंडू गेला की लगेच मागं लागत नाही, दोन सेकंद उभा राहून स्वतःवर चिडतो. समर्थकांना सगळ्यात जास्त राग याचाच येतो आणि तो बरोबर आहे. आपल्याकडं हरलेला चालतो, उभा राहिलेला चालत नाही.

पण त्याला येतं तेही बघा ना राव. गोलकडे पाठ करून चेंडू घेणं, अंगावर स्टॉपर घेऊन तो टिकवणं आणि बाजूला किंवा मागं नेमका देणं. ह्या कामात आपल्या लीगमध्ये त्याच्या बरोबरीचे फार कमी असतील. पाचव्या सामन्यात एकदाच आपला डावा हाफ त्याच्याजवळ पळत गेला. ह्यानं एका स्पर्शात चेंडू ठेवला, हाफनं मारला, बारला लागून बाहेर. अख्ख्या सामन्यातली सगळ्यात चांगली चाल ती होती. दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नव्हती. मी तिघांना विचारलं.

गेल्या वर्षी आपला फॉरवर्ड वेगळ्या जातीचा होता. बारीक, चपळ. मागून लांब चेंडू आला की स्टॉपरला मागं टाकून पळायचा. आपली सगळी टीम त्याच्या पळण्यावर बेतलेली होती. तो दुसरीकडं गेला, आपण नेमका उलट्या गुणाचा माणूस आणला आणि खेळ तोच ठेवला. बैलगाडीचं जू ट्रॅक्टरला लावायचं आणि ट्रॅक्टर ओढत नाही म्हणून ओरडायचं, त्यातला प्रकार.

आता निवड कशी झाली ते बोलूया, कारण ह्यावर कुणी बोलत नाही. माझ्या माहितीप्रमाणं मोबाईलवर आलेला तीन-चार मिनिटांचा व्हिडिओ बघून. त्यात सगळे गोलच असणार, चुकवलेले कोण टाकतंय? एजंटानं रक्कम सांगितली, पुरस्कर्त्यानं होकार दिला, पोरगं आलं. आपल्या प्रशिक्षकाला कुणी विचारलं का, की तुला पळणारा पाहिजे का टिकवणारा?

हे फक्त आपल्याकडंच होतं असं नाही. १९९६ साली इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन क्लबला एक फोन आला. बोलणाऱ्यानं आपण जॉर्ज वेआ असल्याचं सांगितलं आणि माझ्या चुलतभावाला घ्या म्हणाला. वेआ म्हणजे त्या काळचा जगातला नावाजलेला खेळाडू. क्लबनं अली दिया नावाच्या माणसाला घेतलं आणि लीड्सविरुद्ध बदली खेळाडू म्हणून थेट प्रीमियर लीगमध्ये उतरवलं. थोड्याच वेळात कळलं की ह्याला ह्या पातळीचं खेळता येत नाही. बदली म्हणून आलेल्यालाच परत बदलावं लागलं. फोन अर्थातच वेआचा नव्हता. त्यांच्याकडं पैसा, प्रशिक्षक, शोधपथक सगळं होतं, तरी फसले. आपण तर व्हॉट्सअ‍ॅपवर भागवतोय.

आपला पोरगा मात्र अली दिया नाही. त्याला खेळता येतं, हे मी दोन सामने बघून सांगतोय.

‘सहा सामन्यांत कळतंय की’ असं म्हणणाऱ्यांसाठी दोन-तीन उदाहरणं. थिएरी ऑन्री १९९९ साली युव्हेंटसमधून आर्सेनलला आला. पहिल्या आठ सामन्यांत त्याला गोल करता आला नाही. तोपर्यंत तो प्रामुख्यानं बाजूनं खेळायचा, वेंगर यांनी त्याला मध्ये आणलं आणि थांबले. त्याच हंगामाच्या शेवटी त्याच्या नावावर २६ गोल होते, आणि पुढं २२८. आर्सेनलचा तो विक्रम आजही आहे. आपल्यातले निम्मे पोरं ज्याच्या नावाची जर्सी घालून फिरायची, त्याला आपण सहाव्या सामन्यानंतर परत पाठवलं असतं.

दुसरं उदाहरण अलीकडचं. काय हावर्ट्झ २०२३ मध्ये चेल्सीतून आर्सेनलला आला. रक्कम साडेसहा कोटी पौंडांच्या घरात. सुरुवातीला गोल नाही, टिंगल भरपूर. मग ३० सप्टेंबरला बोर्नमथविरुद्ध पेनल्टी मिळाली. नेहमी घेणारे दुसरे होते. त्यांनी चेंडू हावर्ट्झच्या हातात दिला, तू मार म्हणाले. त्यानं मारली, गोल झाला, आणि सगळा संघ त्याच्याभोवती गोळा झाला. त्या हंगामात लीगमध्ये त्यानं १३ गोल केले. पेनल्टीनं कुणाचा खेळ सुधारत नाही, हे मान्य. पण सहकारी आपल्याला आपला मानतात हे त्या दिवशी त्याला कळलं असणार.

आता उलटं उदाहरणही देतो, नाहीतर म्हणाल सोयीचं तेवढं सांगितलं. फर्नांडो टोरेस. ३१ जानेवारी २०११ ला चेल्सीनं पाच कोटी पौंड मोजून घेतला, तेव्हाचा ब्रिटनमधला विक्रम. पहिला गोल यायला ९०३ मिनिटं लागली. त्यालाही वेळ दिला, भरपूर दिला. शेवटी १७२ सामन्यांत ४५ गोल. काही गोल मोठ्या सामन्यात आले, बार्सिलोनाविरुद्धचा तर अजून सगळ्यांना आठवतो. पण लिव्हरपूलचा टोरेस चेल्सीला कधी मिळाला नाही. म्हणजे थांबलं की प्रत्येक वेळी सोनं मिळतं, असं मी म्हणत नाही. एवढंच म्हणतोय की सहा सामन्यांवरून ऑन्री कोण आणि टोरेस कोण हे सांगता येत नाही. आणि ज्याला पासच मिळत नाही, त्याच्याबाबतीत तर नाहीच नाही.

एक आक्षेप मात्र मला मनापासून पटतो. ‘परदेशी आणून आपल्या पोरांची जागा का अडवायची?’ सकाळी सहाला उठून सराव करणारं आपल्या पेठेतलं एकोणीस वर्षांचं पोरगं बाकावर बसलंय, हे मलाही बघवत नाही. त्यावर वेगळं लिहायला पाहिजे आणि लिहीन. पण तो प्रश्न धोरणाचा आहे. परदेशी किती असावेत, त्यांच्यावर किती खर्च करावा, हे हंगामाच्या आधी ठरवा. ठरवून आणल्यावर त्याचा राग त्या पोरावर काढू नका. त्यानं तुमच्या पोराची जागा मागितली नव्हती. तुम्ही बोलावलं म्हणून आला.

आणि आपली पोरं बाहेर जातात तेव्हा? अनिकेत जाधव आपल्या कोल्हापूरचा. २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळला. त्या स्पर्धेत भारत तिन्ही सामने हरला. अख्ख्या स्पर्धेत भारताचा एकच गोल झाला आणि तो अनिकेतचा नव्हता. आपण काय म्हटलं तेव्हा? ‘पोराला पास कुठं मिळत होते?’ बरोबर म्हटलं. समोर अमेरिका, कोलंबिया, घाना. बिचारा एकटा पळत होता. आपल्या स्टेटसला त्याचे फोटो होते आणि असायलाच पाहिजे होते. नंतर तो जमशेदपूर, हैदराबाद अशा संघांकडून खेळला. त्या गावांत तो बाहेरचाच होता की. तिथल्या गॅलरीत कुणी त्याला ‘पर्यटक’ म्हटलं असतं तर आपल्याला कसं वाटलं असतं? आपल्या पोराला लावलेली फूटपट्टी दुसऱ्याच्या पोरालाही लावा, एवढंच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो.

पाचव्या सामन्यानंतर दोन दिवसांनी तो मला चहाच्या गाड्यावर भेटला. एकटाच होता. माझं तोंड त्यानं स्टेडियमवर बघितलेलं, म्हणून स्वतःहून बोलायला आला. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही बेताचं, पण चाललं. गोल का होत नाहीत असं मी विचारलं नाही, त्यानंच काढलं. म्हणाला, मी खाली चेंडू देतो तिथं कुणी नसतं, भाषा येत नाही म्हणून सांगता येत नाही. मग त्यानं मला विचारलं, गॅलरीतून एक शब्द सारखा ओरडतात, त्याचा अर्थ काय?

त्यानं तो शब्द उच्चारून दाखवला. तो शब्द मी इथं लिहीत नाही. त्याच्या रंगावरून आहे, एवढं सांगतो.

मला खरं सांगायचं धाडस झालं नाही. मी म्हणालो, त्याचा अर्थ ‘पळ’ असा आहे. प्रोत्साहन देतात.

सहाव्या सामन्यात तो शब्द पुन्हा आला, दोन-तीन कोपऱ्यांतून एकदम. मी त्याच्याकडंच बघत होतो. त्यानं गॅलरीकडं बघितलं, मान हलवली आणि जो चेंडू बाहेर जाणारच होता त्याच्यामागं जीव तोडून पळाला. लोक हसले. माझ्या शेजारी बसलेले दोघेही हसले. चांगली माणसं आहेत ती, घरी जाणं-येणं आहे आमचं. मी काहीच बोललो नाही. त्या स्टेडियमला राजर्षी शाहूंचं नाव आहे. ज्या राजानं गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला, लोकांची तोंडं बंद केली, त्यांच्या नावाच्या स्टेडियमवर आपण एका पोराला कातडीवरून हाक मारतोय. आणि मी पत्रकार असून वही मांडीवर घेऊन गप्प बसलो.

गोल चुकला म्हणून शिव्या द्या. फुटबॉल आहे, कीर्तन नाही. ‘काय रं, जेवला न्हाईस व्हय’ म्हणा, तिकीट काढून आलाय, हक्क आहे तुमचा. पण तो एक शब्द नको. ज्याला तो वाईट वाटत नाही त्यानं तो त्याला समोर उभं राहून, अर्थ सांगून म्हणून दाखवावा.

तालमीच्या मंडळींना हात जोडून तीन गोष्टी सांगतो. मी प्रशिक्षक नाही, चुकत असेन तर प्रशिक्षकांनी सांगावं.

एक, त्याला एकटा खेळवू नका. बाकावर बसलेलं आपलं ते चपळ पोरगं त्याच्याजवळ, पाच-सात पावलांवर ठेवा. हा चेंडू उतरवेल, ते पळेल. असं केलं तर गावचं पोरगं का परदेशी हा वादही आपोआप थोडा कमी होईल. मधला एक हाफ कमी करावा लागेल, धोका आहे, पण आत्ता तरी मधून कुठं काय चाललंय?

दोन, सगळे लांब चेंडू बंद करा असं म्हणत नाही, पण कडेनं क्रॉस येऊ द्या. दोन्ही सामन्यांत गोललाइनजवळून आलेला धड क्रॉस मला एकही दिसला नाही. एवढा उंच माणूस आणून त्याला क्रॉस द्यायचा नाही, मग उंची कशाला बघितली?

तीन, एक माणूस नेमा जो त्याच्याशी बोलेल. पोरांना दहा शब्द इंग्रजी येतं, त्याला दहा शब्द मराठी शिकवा. ‘मागं’, ‘डावीकडं’, ‘सोड’, ‘एकटा आहेस’. सरावानंतर त्याला खोलीवर सोडून मोकळं होऊ नका. मधल्या हंगामात परत पाठवलेल्या खेळाडूला दुसरा संघ सहजासहजी घेत नाही. आपल्यासाठी ती बैठकीतली एक ओळ असेल, त्याच्यासाठी वर्षभराची भाकरी आहे.

एवढं करून लीगच्या शेवटी जमलं नाही, तर सरळ सांगा की जमलं नाही. ठरलेला पैसा पूर्ण द्या, हार घाला, गाडीत बसवून द्या. मीही लिहीन की आपल्या संघाला तो पुरला नाही. तेव्हा तसं लिहायचा मला अधिकार असेल, कारण मी सगळे सामने बघितलेले असतील. चौथ्या सामन्यानंतर तो नव्हता.

पुढचा सामना रविवारी, दुपारी चारला. मी गॅलरीत असेन, त्याच जागेवर. तो शब्द शेजारून आला तर ह्या वेळी गप्प बसणार नाही, भांडण झालं तरी चालेल. आणि सामना संपल्यावर त्या पोराला गाठून त्या शब्दाचा खरा अर्थ सांगणार आहे. आधी सांगितलं तर खेळावर परिणाम होईल म्हणून थांबलोय. का मला अजून धीर होत नाही म्हणून, ते माझं मलाच नक्की कळत नाही.

ज्यांना हे पटलं नसेल त्यांनी मला फोन करावा. नंबर जुनाच आहे.